उद्देशिकेत ‘बंधुता’ केव्हा आली?

न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता. उद्देशिकेत हे चार शब्द एकाखाली एक ठळक अक्षरांत उभे आहेत. शाळेत ते एका दमात म्हटले जातात, म्हणून ते एकाच बैठकीत लिहिले गेले असावेत असा समज होतो. कागदपत्रे वेगळे सांगतात. न्याय, समता आणि स्वातंत्र्य यांचा उल्लेख डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेपुढे आलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात आहे. बंधुतेचा तिथे मागमूस नाही. ती येते २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा समितीने सभेच्या अध्यक्षांना सादर केलेल्या मसुद्यात. मधल्या चौदा महिन्यांत काय घडले, ते ठराव, निवेदने, पत्रे आणि कामकाजाचे वृत्तान्त यांच्या आधारे लावून पाहता येते.

आपल्या राष्ट्राचे अधिकृत बोधवाक्य ‘सत्यमेव जयते’. मुंडकोपनिषदातले हे वचन २६ जानेवारी १९५० रोजी राजमुद्रेसोबत स्वीकारले गेले. पण हे राष्ट्र कोणत्या मूल्यांवर उभे राहणार, याची शब्दाशब्दाला घासाघीस झाली ती उद्देशिकेवर. म्हणून बोधवाक्याचा खरा वाद शोधायचा तर संविधान सभेचे वृत्तान्त उघडावे लागतात.

हे वृत्तान्त दिल्लीचे. पण त्यातल्या शब्दांचे वजन जोखायला नातेपुते ही बरी जागा आहे. माळशिरस तालुक्यातले हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण आणि बरड सोडून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. पुढे माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर. आज धर्मपुरीला फक्त जिल्हा बदलतो. १९४६ मध्ये तिथे राज्य बदलत होते. अलीकडे निंबाळकरांचे फलटण संस्थान, पलीकडे मुंबई प्रांताचा सोलापूर जिल्हा. वारकऱ्याच्या लेखी ती एकच वाट होती, पण त्या वाटेवर दोन सत्ता नांदत होत्या. ‘आम्ही भारताचे लोक’ म्हणताना त्यात संस्थानची रयत धरायची की नाही, हा त्या काळी खराखुरा प्रश्न होता.

ठराव आणि त्यातल्या रिकाम्या जागा

संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. १३ डिसेंबरला जवाहरलाल नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला आणि पुरुषोत्तमदास टंडन यांनी त्याला अनुमोदन दिले. भारत हे स्वतंत्र सार्वभौम गणराज्य असेल, त्याची, त्याच्या घटकांची आणि शासनाच्या सर्व अंगांची सत्ता लोकांपासून आलेली असेल, सर्वांना सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय, दर्जाची, संधीची आणि कायद्यापुढची समानता, विचार, उच्चार, श्रद्धा, उपासना, व्यवसाय, संघटन यांचे स्वातंत्र्य मिळेल, अल्पसंख्य, मागास आणि आदिवासी भाग, दलित आणि इतर मागास वर्ग यांना पुरेसे संरक्षण असेल, असा त्याचा आशय होता.

ठरावात काय नाही, हेही नेहरूंनी स्वतःच सांगितले. ‘लोकशाही’ हा शब्द घातला नाही, कारण तो अर्थ ‘गणराज्य’ या शब्दात येतोच. ‘समाजवाद’ही घातला नाही. आपण स्वतः समाजवादाच्या बाजूचे आहोत, पण काहींना पटेल आणि काहींना पटणार नाही असा शब्द ठरावात घालून वाद ओढवून घ्यायचा नाही, अशी त्यांची भूमिका होती. बंधुतेबद्दल मात्र ते काहीच बोलले नाहीत. तो शब्द विचारासाठी पुढे येऊन वगळला गेला होता, असे त्या भाषणावरून दिसत नाही.

ठरावाला पहिला अडसर घातला मुंबईच्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी. मुस्लिम लीग सभेत आलेली नाही, संस्थानांचे प्रतिनिधीही अजून नाहीत, तेव्हा दोघांच्या सहकार्याला वाव राहावा म्हणून ठराव पुढे ढकलावा, अशी दुरुस्ती त्यांनी १६ डिसेंबरला मांडली. सभेत ती बऱ्याच जणांना रुचली नाही. दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, अध्यक्ष राजेंद्र प्रसादांनी अचानक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस जण असताना आपला क्रम लागेल असे वाटले नव्हते, असे त्यांनी आरंभीच सांगितले. तेव्हा ते बंगालमधून निवडून आलेले सदस्य होते.

त्या भाषणात बाबासाहेबांनी दोन गोष्टी केल्या. ठरावातल्या मूल्यांवर त्यांनी बोट ठेवले. ही तत्त्वे फ्रान्सच्या जाहीरनाम्यापासून जगाने मान्य केलेली आहेत, त्यांचा पुनरुच्चार पांडित्याचा वाटतो. हक्क सांगितले पण हक्क मोडले तर दाद कुठे मागायची ते सांगितले नाही. आणि आर्थिक न्याय खरोखर द्यायचा असेल तर उद्योग आणि जमीन यांच्या राष्ट्रीयीकरणाचे कलम अपेक्षित होते, असे ते म्हणाले. दुसरी गोष्ट जयकरांच्या बाजूची होती. सत्ता हाती असणे वेगळे आणि शहाणपण असणे वेगळे, असे बजावून त्यांनी घाई न करण्याचा सल्ला दिला. आज आपण राजकीय, सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या फुटलेले आहोत, आपण एकमेकांशी लढणाऱ्या छावण्यांचा समूह आहोत, पण आपण एक होऊ याबद्दल मला शंका नाही, हा त्या भाषणाचा गाभा. ‘बंधुता’ हा शब्द तिथे नाही. पण त्याचा विषय तिथेच सुरू झालेला दिसतो.

ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी सदस्यांनी उभे राहून मंजूर केला. सत्ता लोकांची, या कलमावर काही संस्थानिकांनी घेतलेल्या हरकतीला नेहरूंनी त्या दिवशी उत्तर दिले आणि ते कलम जसेच्या तसे राहिले. धर्मपुरीच्या दोन्ही बाजूंची माणसे कागदावर तरी त्या दिवशी एका व्याख्येत आली. याच मुलखात औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३९ मध्येच प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना लागू केली होती आणि आटपाडी महाल त्याच संस्थानात होता. त्यामुळे ही कल्पना या भागाला अगदीच नवी नव्हती.

१९४७ : तीन कागद आणि एक उपोषण

मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन प्रसिद्ध केले. ते घटनेच्या कलमांच्या स्वरूपात लिहिलेले आहे आणि त्याला स्वतंत्र उद्देशिका आहे. स्वराज्य आणि सुराज्य दोन्ही मिळावे, प्रत्येकाला जीविताचा, स्वातंत्र्याचा, सुखाच्या शोधाचा, भाषणाचा आणि धर्माचा हक्क राहावा, दबलेल्या वर्गांना अधिक संधी देऊन सामाजिक, राजकीय आणि आर्थिक विषमता दूर व्हावी, गरजेपासून आणि भीतीपासून मुक्ती मिळावी, अंतर्गत बंडाळी आणि परचक्र यांपासून बचाव व्हावा, असे हेतू तिच्यात मांडले आहेत. वळण अमेरिकी घटनेचे आहे. या उद्देशिकेतही बंधुता नाही.

ही नोंद महत्त्वाची आहे. बंधुतेचा विचार बाबासाहेबांकडे तेव्हा नव्हता, असा निष्कर्ष तिच्यातून काढता येत नाही. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी आदर्श समाज स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांवर उभा असेल असे स्पष्ट लिहिले होते. मग ११ वर्षांनी स्वतःच्या घटनेची उद्देशिका लिहिताना त्यांनी ती का आणली नाही? निवेदनाचे स्वरूप पाहिले की उत्तर सुचते. ते संरक्षणाचे मागणीपत्र होते आणि मागणीपत्रात हक्क मागितले जातात. बंधुता हा कोर्टात मागायचा हक्क नाही. लोकांनी एकमेकांशी कसे वागावे, याबद्दलची ती अपेक्षा आहे.

दुसरा कागद घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांचा. ३० मे १९४७ च्या त्यांच्या टिपणात उद्देशिका एका वाक्यात आहे : लोककल्याण साधण्याच्या इच्छेने आम्ही भारताचे लोक आमच्या निवडलेल्या प्रतिनिधींमार्फत हे संविधान स्वतःला देत आहोत, असा तिचा आशय. नेमके, कोरडे, कायदेपंडिताला शोभेल असे. न्याय, समता, स्वातंत्र्य यांचाही तिथे उच्चार नाही.

राव दिल्लीत हे टिपण तयार करत होते त्याच महिन्यात पंढरपुरात साने गुरुजी उपोषणाला बसले होते. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले व्हावे म्हणून महाराष्ट्राचा दौरा करून झाल्यावर त्यांनी १ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले आणि १० मे रोजी, मंदिर खुले करण्याचे आश्वासन मिळाल्यावर, ते सोडले. नातेपुत्याहून जी वाट पंढरपूरला जाते, त्या वाटेच्या शेवटी १९४७ पर्यंत काही वारकऱ्यांना चोखोबांच्या समाधीपाशीच थांबावे लागत होते. त्याच वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदाही केला. कायदा दार उघडू शकतो. दारातून आत गेल्यावर शेजारचा माणूस बाजूला सरकून जागा देतो की तोंड फिरवतो, हे कायद्याच्या हातात नसते. उद्देशिकेचे शब्द जुळवले जात होते त्या वर्षी सोलापूर जिल्ह्यात हा फरक डोळ्यांसमोर होता.

तिसरा कागद ३० जून १९४७ चा, राजेंद्र प्रसादांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर यांना लिहिलेले पत्र. फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधली जागा गेली होती. संविधान सभेत आणि तिच्या समित्यांत त्यांनी केलेले काम पाहता ते सभेत हवेतच, १४ जुलैच्या अधिवेशनाआधी त्यांना मुंबईतून निवडून द्यावे, असे त्यात म्हटले आहे. जागा रिकामी होती ती जयकरांच्या राजीनाम्यामुळे. सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्या दुरुस्तीला बाबासाहेबांनी पाठबळ दिले होते, त्यांच्याच जागी ते निवडून आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि दुसऱ्या दिवशी ते तिचे अध्यक्ष झाले.

पत्रातली एक नोंद

२१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा सादर करताना समितीने त्यासोबत जे पत्र दिले, ते या सगळ्या शोधातले सर्वांत मोलाचे कागदपत्र आहे. त्यात उद्देशिकेतल्या दोन बदलांची कारणे दिलेली आहेत.

पहिला बदल ‘स्वतंत्र’ या शब्दाचा. ठरावात ‘स्वतंत्र सार्वभौम गणराज्य’ होते. मसुद्यात ‘सार्वभौम लोकशाही गणराज्य’ झाले. सार्वभौम म्हटले की स्वतंत्र आलेच, असे समितीने म्हटले. ब्रिटिश राष्ट्रकुलाशी नाते काय राहील ते पुढे ठरायचे आहे, हेही तिने सांगितले. नेहरूंनी अनावश्यक म्हणून बाजूला ठेवलेला ‘लोकशाही’ हा शब्द इथे आत आला.

दुसरा बदल बंधुतेचा. उद्दिष्टांच्या ठरावात हे कलम नसतानाही आपण ते घातले, अशी कबुली समिती देते आणि कारण सांगते : बंधुभाव आणि सद्भावना यांची भारताला आजच्याइतकी गरज कधीच नव्हती, म्हणून नव्या संविधानाच्या या उद्दिष्टाचा उद्देशिकेत खास निर्देश व्हायला हवा.

या वाक्यात कोणत्याही घटनेचे नाव नाही. पण तारीख बोलते. फाळणीच्या कत्तलींना जेमतेम सहा महिने झाले होते. गांधीजींची हत्या ३० जानेवारीला झाली. पत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी लिहिले गेले. त्या तीन आठवड्यांत पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात, ब्राह्मणांची घरे जाळली गेली. गावातल्या गावात, पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या माणसांनी ही आग लावली. समितीच्या सदस्यांच्या मनात यातली नेमकी कोणती घटना होती, ते पत्र सांगत नाही. ‘आज’ या शब्दाचा अर्थ मात्र त्या दिवशीच्या वाचकाला समजावून द्यावा लागला नसता.

पत्र समितीचे आहे, तेव्हा बंधुतेचे श्रेय कागदोपत्री समितीचे. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, गोपालस्वामी अय्यंगार, कन्हैयालाल मुन्शी, सय्यद मोहम्मद सादुल्ला हेही तिचे सदस्य होते. तरीही या शब्दामागे अध्यक्षांचा हात असावा, हा तर्क बळकट आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता या त्रयीविषयी बाबासाहेबांनी सातत्याने, आधी आणि नंतर, लिहिले आहे. महाडच्या २५ डिसेंबर १९२७ च्या परिषदेत त्यांनी आपल्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली होती.

बंधुतेच्या पुढची जोडही पाहण्यासारखी आहे. व्यक्तीची प्रतिष्ठा आणि राष्ट्राची एकता यांची हमी देणारी बंधुता, असा तिचा क्रम. मसुद्यावर सूचना मागवल्या तेव्हा काही सदस्यांनी हा क्रम उलटा करावा, राष्ट्र आधी आणि व्यक्ती नंतर, असे सुचवले. व्यक्तीच्या प्रतिष्ठेची हमी नसेल तर राष्ट्र एक होऊच शकत नाही, म्हणून प्रतिष्ठा आधी, असे त्यावर उत्तर दिले गेले. क्रम बदलला नाही. उद्देशिकेतला सर्वांत ठाम राजकीय निर्णय कदाचित हाच असेल, आणि तो एका शब्दाला दुसऱ्याच्या आधी बसवून घेतला गेला.

त्याच फेब्रुवारी-मार्चमध्ये दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. मार्च १९४८ मध्ये फलटण संस्थान संपले आणि धर्मपुरीची सीमा राज्याची राहिली नाही.

देवाचे नाव आणि ४१ मते

पुढच्या दीड वर्षातले गाजलेले वाद इतर शब्दांवर झाले. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी पहिल्या कलमात भारताला ‘धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी’ म्हणावे अशी दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी ती नाकारली. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचे असते. ते संविधानात बांधून टाकले तर लोकांचे स्वातंत्र्य हिरावल्यासारखे होईल. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादी दिशा आधीच आहे, अशी त्यांची कारणे. राष्ट्रीयीकरणाचे कलम नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी ठरावाला बोल लावणारे बाबासाहेब इथे अडवणाऱ्याच्या भूमिकेत दिसतात. तेव्हा ते एका वर्गाचे गाऱ्हाणे मांडत होते. आता सगळ्यांसाठी चालेल असा मसुदा सांभाळत होते.

उद्देशिका सर्वांत शेवटी, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, चर्चेला आली. मौलाना हसरत मोहानी, म्हणजे १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी करणारे जुने क्रांतिकारक, ‘स्वतंत्र’ हा शब्द गेल्यामुळे खवळले होते. भारत राष्ट्रकुलात राहणार हे एप्रिल १९४९ मध्ये लंडनला ठरले होते आणि त्यासाठीच हा शब्द काढला, असा त्यांचा संशय होता. रशियाच्या धर्तीवर समाजवादी गणराज्यांचा संघ, अशीही त्यांची एक सूचना होती. ती नामंजूर झाली.

मग मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य हरी विष्णू कामत उठले. उद्देशिकेचा आरंभ ‘ईश्वराच्या नावाने’ असा करावा, अशी त्यांची दुरुस्ती. आसामच्या रोहिणीकुमार चौधरींनी विचारले की आम्ही शक्तीचे उपासक, मग देवीच्या नावाने का नको? ईश्वराला मताला टाकण्याची वेळ आमच्यावर आणू नका, असे पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवले. श्रद्धेचे स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेतच ईश्वराची सक्ती होते, असा आक्षेप हृदयनाथ कुंझरूंनी घेतला. कामत मागे हटले नाहीत. मतदान झाले : बाजूने ४१, विरोधात ६८. हा आपल्या इतिहासातला काळा दिवस आहे, अशी खंत व्यक्त करून कामत खाली बसले.

मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे. ६८ मते देवाविरुद्ध पडली असे म्हणणे सोपे आहे, पण विरोध करणाऱ्यांत श्रद्धाळू माणसे होती. ज्या वाटेवर लाखो लोक नामघोष करत नातेपुत्याला मुक्काम करतात, त्या वाटेवरच्या माणसाला हा मुद्दा लगेच कळावा. श्रद्धा खोल असली की तिच्यासाठी सरकारी शिक्का लागत नाही. स्वतः बाबासाहेबांनी ‘मूकनायक’च्या मस्तकावर तुकोबांचा अभंग आणि ‘बहिष्कृत भारत’च्या मस्तकावर ज्ञानेश्वरीतील ओव्या छापल्या होत्या. संतवाणीचे वावडे असते तर ते झाले नसते.

शिब्बनलाल सक्सेनांनी ईश्वरासोबत गांधीजींचेही नाव घालण्याची सूचना केली. ब्रजेश्वर प्रसाद यांनी विरोध केला : हे संविधान गांधीवादी नाही, अमेरिकी न्यायालयाचे निर्णय आणि १९३५ चा कायदा यांवर ते उभे आहे, त्याला गांधीजींचे नाव देऊ नये. आचार्य कृपलानींच्या विनंतीवरून सक्सेनांनी सूचना मागे घेतली. कृपलानींनी त्याच दिवशी सांगितले की उद्देशिकेतली तत्त्वे केवळ कायद्याची आणि राजकारणाची नाहीत. ती नैतिक आणि आध्यात्मिक आहेत, आणि वैयक्तिक, सामाजिक जीवनात आचरली नाहीत तर संविधानातही टिकणार नाहीत. उद्देशिका मंजूर झाली. बंधुतेवर त्या दिवशी मतदान झाले नाही. जो शब्द कोणालाच खटकत नाही, त्याची परीक्षाही कोणी घेत नाही.

परीक्षा बाबासाहेबांनी घेतली

ती परीक्षा महिन्याभराने झाली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना एकमेकांपासून तोडता येत नाही असे मांडले. समतेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे थोड्यांचे बहुतांवर वर्चस्व. स्वातंत्र्याशिवाय समता म्हणजे व्यक्तीच्या पुढाकाराचा अंत. आणि बंधुता नसेल तर पहिली दोन्ही अंगवळणी पडत नाहीत, त्यांच्यासाठी पोलीस शिपाई उभा करावा लागतो. पुढे त्यांनी विचारले की हजारो जातींत वाटलेले लोक राष्ट्र कसे होणार? जाती राष्ट्रविरोधी आहेत, असे ते स्वच्छ शब्दांत म्हणाले.

हे विधान त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका मराठी दस्तऐवजाशेजारी ठेवून वाचावे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’ या १९४९ च्या संग्रहात आहे. त्या पालखीबरोबर पायी चालल्या. एकाच दिंडीत अभंग म्हणणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा बायका जेवायच्या वेळी वेगवेगळ्या पंगतींना बसत, ही गोष्ट त्यांना किती लागली ते त्यांनी लिहून ठेवले आहे. दिल्लीतल्या भाषणातला सिद्धान्त आणि आळंदी-पंढरपूर वाटेवरचे निरीक्षण एकाच जागी येऊन मिळतात. कंठ एकत्र होता, ताट वेगळे होते. बंधुतेचे कलम नेमके त्या अंतरासाठी होते.

हा शब्द फ्रान्सचा उसना आहे का? फ्रान्समध्येही तो त्रयीत पक्का व्हायला वेळ लागला. रोबेस्पिएरने तो १७९० मध्ये इतर दोन शब्दांबरोबर मांडला, पण संविधानात ही त्रयी अधिकृत झाली १८४८ मध्ये. आणि १९४० मध्ये जर्मनांपुढे नमलेल्या व्हिशी सरकारने ती काढून ‘श्रम, कुटुंब, मातृभूमी’ हे शब्द आणले. बोधवाक्य बदलणे ही राजवट बदलल्याची पहिली खूण असते. बाबासाहेबांनी मात्र ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात आपली त्रयी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतल्याचे नाकारले. ती आपण आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली, असे सांगितले. हे स्पष्टीकरण मसुद्यानंतर सहा वर्षांनी आलेले आहे. १९२७ च्या महाडच्या भाषणात फ्रान्स ठळक आहे, १९५४ मध्ये बुद्ध. दोन्ही कागद खरे आहेत. एका माणसाच्या विचाराचा सत्तावीस वर्षांचा प्रवास त्यांतून दिसतो.

नंतरचे बदल

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द आले, म्हणजे शहांनी मागितलेले आणि तेव्हा नाकारलेले दोन शब्द आणीबाणीत आत आले. राष्ट्राच्या एकतेला ‘एकात्मता’ही जोडली गेली. जनता सरकारने आणीबाणीतले बरेच काही पुसले, पण हे शब्द राहिले. त्यांना आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या. महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२० पासून शाळांत उद्देशिकेचे वाचन सुरू करण्याचा आदेश दिला. या साऱ्या उलथापालथीत व्यक्तीची प्रतिष्ठा आधी आणि राष्ट्राची एकता नंतर, हा १९४८ चा क्रम कोणी हलवलेला नाही.

कागदपत्रांचा निष्कर्ष असा. बंधुता उद्देशिकेत शोभेसाठी आलेली नाही. मूळ ठरावात ती नव्हती, बाबासाहेबांच्या १९४७ च्या स्वतःच्या उद्देशिकेतही नव्हती. माणसे शेजाऱ्याच्या घराला आग लावत होती अशा महिन्यात, कारण लिहून देऊन, ती जाणीवपूर्वक घातली गेली. ईश्वर, गांधी, समाजवाद या शब्दांवर सभेत खडाजंगी झाली. हा शब्द बिनविरोध आला आणि म्हणूनच सर्वांत कमी वाचला गेला. येत्या २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, शाळेत किंवा ग्रंथालयात उद्देशिका म्हटली जाईल तेव्हा सोबत मसुदा समितीच्या २१ फेब्रुवारी १९४८ च्या पत्रातला बंधुतेचा परिच्छेदही वाचावा. तो दोनच वाक्यांचा आहे.